‘नव्या संस्थेसाठी मोफत टूल्स’ : या याद्या कशा वाचायच्या

तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्ष-दोन वर्षांत पीएच.डी.ला लागाल. त्यातले निदान काही जण स्वतः गोळा न केलेल्या डेटावर काम कराल. हा डेटा सरकारी खात्याकडून येतो, जुन्या प्रबंधातून येतो, आणि आपल्याकडे खूपदा एखाद्या लहानशा संस्थेकडून येतो. पाणी, पोषण, शाळा, पक्षी, जंगल, काहीही असो, कुणीतरी चार-पाच जणांनी ट्रस्ट काढलेला असतो, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केलेली असते आणि गावोगाव फिरून नोंदी घेतलेल्या असतात. त्या नोंदी कशात ठेवायच्या हे अगदी सुरुवातीला, एखाद्या संध्याकाळी ठरतं. कुणीतरी मोबाइलवर ‘नव्या एनजीओसाठी १५ मोफत टूल्स’ छापाची यादी उघडतं, त्यातलं पहिलं-दुसरं नाव उचललं जातं, आणि पाच वर्षांनी त्या निर्णयाचं फळ तुमच्या लॅपटॉपवर येऊन पडतं. म्हणून संशोधनाच्या ब्लॉगवर आज सॉफ्टवेअरच्या याद्यांची चिरफाड.

या याद्या तुम्ही पाहिल्या असतीलच. एक तक्ता असतो. डावीकडे टूलचं नाव आणि पुढे रकाने: मोफत आहे का, अँड्रॉइडवर चालतं का, किती जण एकदम वापरू शकतात, शिकायला सोपं का. समोर हिरव्या टिकल्या. ज्याला जास्त टिकल्या तो जिंकला. मी अशा कितीतरी याद्या वाचल्या आहेत आणि माझी मुख्य तक्रार एकच आहे. हा सगळा तक्ता पहिल्या दिवसाचा आहे. सुरू करायला किती सोपं, एवढंच तो मोजतो. आत घातलेली माहिती पुढे बाहेर काढताना कुठल्या आकारात बाहेर येईल, आणि आज ती भरणारा माणूस नसताना ती कुणाला वाचता येईल का, याचा रकाना मला कुठल्याच यादीत सापडलेला नाही. संस्थेला टूल वापरायचं असतं दहा वर्षं, आणि यादी लिहिणाऱ्यानं ते बहुधा दहा मिनिटं वापरून बघितलेलं असतं.

नुसतं असं म्हणून भागणार नाही. एक उदाहरण घेऊ आणि त्याच्यावर याद्यांमधली नेहमीची टूल्स घासून बघू.

विहिरीचं उदाहरण

समजा, एका तालुक्यात नवी संस्था सुरू झालीय. काम एकच: वीस गावांतल्या शंभर विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजायची, म्हणजे नवी बोअरवेल घ्यायची की नाही, उन्हाळी पीक किती घ्यायचं, याची चर्चा ग्रामसभेत अंदाजानं न होता आकड्यावर होईल. मोजणारे गावातलेच स्वयंसेवक. मोजायची रीत साधी आहे. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचं, पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा.

पण आकडा कुठून वाचायचा? बहुतेक विहिरींना कठडा असतो. टेप कठड्याच्या वरच्या काठावर धरला तर जमिनीपासूनची खोली काढायला कठड्याची उंची वजा करावी लागते. आता ऑक्टोबरमध्ये एका स्वयंसेवकानं जमिनीपासून मोजलं आणि मे महिन्यात दुसऱ्यानं कठड्यापासून, तर कठडा ८० सेंटिमीटरचा असल्यास पावसाळ्यात पाणी जेवढं चढलं त्यात ८० सेंटिमीटर फुकटचे मिळतात. हे किती होतं बघा. आपल्याकडच्या झिजलेल्या बेसाल्टचा स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडक निथळल्यावर मिळणारा पाण्याचा वाटा, ढोबळमानानं दोन टक्के धरला, तर ८० सेंटिमीटर म्हणजे १६ मिलिमीटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर ते १ कोटी ६० लाख लिटर होतं. जमिनीत नसलेलं पाणी कागदावर आलं, आणि त्या भरवशावर कुणीतरी उन्हाळी कांदा लावणार आहे.

हा दोष टूलचा आहे का? थोडा आहे, थोडा नाही. मोजायची पद्धत ठरवणं हे संस्थेचं काम. पण काही टूल्स असा दोष पकडायला मदत करतात आणि काही तो गुपचूप पोटात घेतात. निवड करताना हा फरक दिसायला हवा, आणि हिरव्या टिकल्यांत तो दिसत नाही.

गुगल फॉर्म : सोपं, आणि म्हणूनच जपून

बहुतेक याद्यांत पहिला नंबर गुगल फॉर्मचा. खरंच सोपं आहे ते. अर्ध्या तासात मराठीत फॉर्म तयार होतो, उत्तरं आपोआप शीटमध्ये जाऊन बसतात. शिबिराची नावनोंदणी, कार्यशाळेनंतरचा अभिप्राय, अशा एकदाच भरून संपणाऱ्या कामासाठी मी डोळे मिटून हेच सुचवेन.

आपल्या विहिरींसाठी मात्र नाही. पहिली अडचण सगळ्यांना लगेच दिसते: त्याला इंटरनेट लागतं, आणि डोंगरातल्या वाडीवर ते नसतं. मग स्वयंसेवक आकडा वहीत लिहितो आणि रात्री घरी जाऊन भरतो. फॉर्मबरोबर आपोआप पडणारी वेळ ही मोजल्याची वेळ राहत नाही, भरल्याची होते. जागेचे अक्षांश-रेखांश घेणारा प्रश्न त्यात मुळात नाही, आणि असता तरी स्वयंसेवकाच्या घराचे मिळाले असते.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती वर्षभर कळतच नाही. गुगल फॉर्ममध्ये पर्यायाचा मजकूर हाच डेटा असतो. तुम्ही पर्याय ठेवला ‘विहीर’. तीन महिन्यांनी लक्षात आलं की लोक बोअरवेलसुद्धा त्यातच टाकताहेत, म्हणून बदलून केलं ‘खोदलेली विहीर’. आधीच्या ओळींत ‘विहीर’ तसंच राहतं, पुढच्या ओळींत नवा मजकूर येतो. पुढे कुणीतरी शुद्धलेखन सुधारतं, कुणी शेवटी एक स्पेस जास्त टाकतं. वर्षाअखेर तुमच्याकडे एकाच गोष्टीचे चार प्रकार असतात. फॉर्म वापरणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण त्याला फक्त आजचा फॉर्म दिसतो. दिसतं ते तुम्हाला, विश्लेषणाला बसल्यावर.

देवनागरीत ही भानगड अजून एक पायरी खोल जाते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकतर युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, नाहीतर ‘अ’वर चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. गावांची, माणसांची नावं हातानं टाइप करायला लावणारा कुठलाही फॉर्म हा घोळ पैदा करतोच. आकड्यांचंही तसंच. स्वयंसेवकानं मजकुराच्या चौकटीत ‘७.४’ मराठी अंकांत लिहिलं तर आरमध्ये त्याचं संख्येत रूपांतर करताना सरळ ‘एनए’ मिळतं. म्हणजे मोजमाप झालं, नोंदलंही गेलं, पण तुमच्या आलेखात तो महिना रिकामा.

आणि फोटो? संस्था म्हणते, ‘आमच्याकडे प्रत्येक विहिरीचा फोटो आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर.’ व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि कॅमेऱ्यानं त्यात लिहिलेली जागा-वेळ निघून जाते. शंभर विहिरींचे हजार फोटो, आणि कुठला कुठल्या विहिरीचा ते सांगायला कुणी नाही. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ही माहिती टिकते, पण प्रत्येक स्वयंसेवक दर वेळी तसं करेल यावर मी तरी पैज लावणार नाही.) निरोपासाठी व्हॉट्सॲपइतकं चांगलं काही नाही. साठवणीसाठी त्याच्याइतकं वाईटही नाही.

एक्सेलची बदनामी

संशोधक मंडळींत एक्सेलला नावं ठेवायची पद्धत आहे, आणि उदाहरणंही झणझणीत आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या लक्षात आलं की कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीत आलेच नव्हते. कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. फाइल भरली, उरलेले गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर निरोप गेला नाही.

दुसरं उदाहरण जीवशास्त्रवाल्यांना ठाऊक असेल. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारीख समजतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असले घोळ सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली, ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ केलं. एक्सेलमध्ये हा आपोआप बदल बंद करायची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये आली. म्हणजे शास्त्रज्ञ आधी बदलले, सॉफ्टवेअर मागाहून.

तरीही माझं मत असं की नव्या संस्थेनं एक्सेलला घाबरायचं कारण नाही. शंभर विहिरी, बारा महिने, म्हणजे वर्षाला बाराशे ओळी. एवढ्यासाठी डेटाबेस उभा करणं म्हणजे कोथिंबीर आणायला टेम्पो काढणं. एक्सेल संस्थेतल्या निदान दोघांना येतं, ऑडिटरला येतं, सरपंचाच्या मुलालाही येतं, आणि कुठल्याही टूलसाठी हा फार मोठा गुण आहे. चुकतं कुठे, तर एकाच फाइलला वही, हिशोब, अहवाल आणि शोभेचा तक्ता असं सगळं करायला लावलं जातं तिथे. वर जोडलेले रकाने, पिवळा रंग म्हणजे ‘शंका आहे’, लाल म्हणजे ‘विहीर आटली’. सीएसव्ही काढली की रंग उडतो आणि त्याच्याबरोबर अर्थही. शंका असेल तर तिच्यासाठी ‘शंका’ नावाचा रकाना हवा. तारीख तीन रकान्यांत तोडून लिहिली तर ५ जूनचं ६ मे होत नाही. विहिरीला नाव नको, क्रमांक हवा.

सीएसव्हीवरून आठवलं. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की पुष्कळदा अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ती यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं, आणि ‘डेटा’ मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडलं की सगळं सुरळीत दिसतं. पण हे ठाऊक नसल्यामुळे संस्थेतला माणूस घाबरून तीच फाइल तशीच सेव्ह करतो, आणि मग ती खरोखर बिघडते. याउलट श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी. ती पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, आणि योग्य कन्व्हर्टरशिवाय त्यात एकही नाव शोधता येत नाही. संस्थेकडे जुना डेटा मागताना ‘मराठीत आहे का’ असं विचारू नका, ‘युनिकोडमध्ये आहे का’ असं विचारा.

कोबो आणि ओडीके : मला आवडतात, तरी

या कामासाठी खास बनवलेली टूल्स आहेत. ओडीके २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. हार्वर्डच्या मानवतावादी मदतीवर काम करणाऱ्या गटातून कोबो टूलबॉक्स पुढे आलं, आणि त्याचं मोबाइल ॲप ओडीकेच्याच ॲपवर बेतलेलं आहे. दोन्हींत फॉर्म एका एक्सेल फाइलमध्ये लिहिता येतो. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचं कायमचं छोटं नाव, तिसऱ्यात माणसाला दिसणारा मराठी मजकूर.

या तीन रकान्यांत आपल्या बऱ्याच अडचणींचं उत्तर आहे. साठतं ते छोटं नाव, दिसतो तो मराठी मजकूर. मजकूर हवा तेवढा सुधारा, ‘विहीर’चं ‘खोदलेली विहीर’ करा, डेटामध्ये प्रकार एकच राहतो. ‘टेप कुठे धरला’ हा सक्तीचा प्रश्न ठेवता येतो, आणि ‘कठड्यावर’ असं उत्तर आलं तरच कठड्याची उंची विचारता येते. पाण्याची खोली विहिरीच्या एकूण खोलीपेक्षा जास्त भरली तर ॲप तिथल्या तिथे अडवतं, म्हणजे स्वयंसेवक अजून विहिरीपाशीच उभा असतो आणि पुन्हा मोजू शकतो. मला विचाराल तर याद्यांतल्या सगळ्या टिकल्यांपेक्षा हे एक जास्त मोलाचं आहे. चूक कुठे पकडली जाते, विहिरीवर की तीन वर्षांनी तुमच्या टेबलावर? नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये राहते, मिळालं की जाते.

मग ‘तरी’ कशाला? एक तर डेटा बाहेर काढताना ‘छोटी नावं हवीत की मराठी मजकूर’ असं टूल विचारतं. संस्था साहजिकच मजकूर निवडते, कारण तो वाचता येतो. मग जो फायदा आत्ता सांगितला तो दारातच सांडतो. तुम्ही संस्थेकडून फाइल घेताना दोन्ही मागा, आणि फॉर्मची मूळ एक्सेल फाइलसुद्धा मागा. खरा कोडबुक तोच असतो. दुसरं, एका भेटीत अनेक मोजमापं घेणारे प्रश्न वेगळ्या शीटमध्ये बाहेर येतात आणि मुख्य ओळीशी एका क्रमांकानं जोडलेले असतात. एखाद्या उत्साही माणसानं मुख्य शीटची क्रमवारी लावून, तो क्रमांकाचा रकाना ‘नको आहे’ म्हणून उडवला, की कुठलं मोजमाप कुठल्या भेटीचं ते देव जाणे.

तिसरी गोष्ट टूलची कमी आणि आपल्या स्वभावाची जास्त. फॉर्ममध्ये प्रश्न वाढवणं इतकं सोपं आहे की फॉर्म फुगतो. पाण्याची पातळी विचारायला गेलेला स्वयंसेवक कुटुंबात माणसं किती, जनावरं किती, शौचालय आहे का, असं विचारत बसतो. ‘विचारून ठेवू, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.’ हा ‘कुणीतरी’ म्हणजे पुष्कळदा आपण, संशोधक. विहिरीवर उन्हात उभा राहतो तो दुसराच.

हिशोब, देणग्या आणि ‘मोफत’

हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर फार खल नको. तुमच्या सीएकडे जे आहे ते घ्या. बहुतेक ठिकाणी ते टॅली असेल. इथे वेगळेपणा दाखवण्यात काही मिळत नाही.

देणगीदारांच्या नोंदीसाठी याद्या मोठमोठ्या सीआरएमची नावं सांगतात. सेल्सफोर्स ना-नफा संस्थांना दहा परवाने मोफत देतं, हे खरं आहे. पण ते आपल्या कामाला जुळवून घ्यायला जाणकार माणूस लागतो, आणि तो काही मोफत येत नाही. नव्या संस्थेची खरी गरज काय असते? ८०जी असेल तर २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून फॉर्म १०बीडीमध्ये प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम आणि ती कशी आली हे वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्या फॉर्मचे रकाने तसेच्या तसे उचलून पहिल्या दिवसापासून एक शीट ठेवली, तर पन्नास-शंभर देणगीदारांपर्यंत कसलंही सीआरएम लागत नाही. फक्त त्या शीटमध्ये लोकांचे पॅन क्रमांक असतात, तेव्हा तिची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही’ अशी उघडी ठेवायची नाही. मोठ्या कंपनीकडे दिलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ना-नफा संस्थांच्या देणगीदारांची माहिती सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या अमेरिकन कंपनीवर २०२० मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला, कंपनीनं खंडणीही भरली, आणि खुलासे द्यावे लागले ते तिच्या ग्राहक संस्थांना.

आणि तो ‘मोफत’चा रकाना. मोफत ही कंपनीची आजची मर्जी असते. मायक्रोसॉफ्ट ना-नफा संस्थांना बिझनेस प्रीमियमचे काही परवाने फुकट देत असे. २०२५ मध्ये ती सवलत बंद करून मोफत फक्त बेसिक ठेवलं, बाकीच्यावर सूट. कोबोच्या मोफत योजनेलाही नोंदींची आणि साठ्याची मर्यादा आहे. ओडीके फुकट आहे, पण तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर सर्व्हरचं भाडं दर महिन्याला आणि त्याची देखभाल करणारा माणूस कायमचा. मुक्त स्रोताचा मी पक्षपाती आहे हे कबूल, पण ज्या संस्थेत सर्व्हरला हात लावणारं कुणी नाही तिला ‘स्वतःचा सर्व्हर टाका’ असं सांगणं म्हणजे सल्ला देऊन पळ काढणं.

वापरणाऱ्याला विचारलं का?

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं, ते बातम्यांत आलं होतं. फोन निकृष्ट आणि कमी मेमरीचे होते, आणि नव्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मराठीत माहिती भरता येत नव्हती, अशी त्यांची तक्रार होती. त्याआधी वेगळं ॲप होतं, ते शिकून झालं होतं. हा प्रकार संशोधकांच्या नजरेनं बघा. जी बाई नोंद करते तिला ॲप समजत नसेल तर ती नोंद दुसऱ्याकडून करून घेणार, मुलाकडून, शेजारच्या कॉलेजवाल्याकडून, आणि तुमच्या डेटामध्ये नोंद करणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव असणार. मुलाच्या वजनाचा आकडा कुणी वाचला आणि कुणी टाइप केला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

नवी संस्था लहान असते हा तिचा फायदा आहे. शंभर विहिरींपैकी पाच विहिरींवर, खरोखर मोजणाऱ्या दोन स्वयंसेवकांना घेऊन, त्यांच्याच फोनवर टूल वापरून बघता येतं. मग दहा नोंदी बाहेर काढायच्या, त्यात मुद्दाम मराठी नावं, ‘ॲ’, रिकामी उत्तरं आणि एक चुकीचा आकडा असू द्यायचा. ती फाइल दुसऱ्या संगणकावर, टूलशी कसलाही संबंध नसलेल्या माणसाला उघडायला द्यायची. कुठल्या विहिरीचं पाणी किती खोल आहे, हे त्याला विचारल्याशिवाय सांगता आलं तर टूल पास. या चाचणीला एक दुपार लागते. याच कामासाठी ऑइल पेंटचा एक डबाही घ्या आणि प्रत्येक कठड्यावर विहिरीचा क्रमांक रंगवा, शेजारी एक बाण काढा: टेप इथे धरायचा. या सगळ्या यंत्रणेतलं सगळ्यात भरवशाचं टूल तेच आहे, आणि ते कुठल्याच यादीत नाही.

आता तुमच्याबद्दल

यादीतल्या टूलपेक्षाही संस्थेला महाग पडतो असा एक प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलाय: हुशार विद्यार्थी. एम.एस्सी.नंतरच्या सुट्टीत संस्थेत येतो, पायथॉन येत असतं, दोन महिन्यांत झकास डॅशबोर्ड बनवतो. नकाशावर निळे-लाल ठिपके. देणगीदार खूश. मग त्याचा प्रवेश कुठेतरी होतो आणि तो जातो. खातं त्याच्या वैयक्तिक ईमेलवर, कोड त्याच्या लॅपटॉपवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. सहा महिन्यांनी नकाशा उघडायचा बंद होतो. संस्थेतले लोक त्याला फोन करायला संकोचतात, ‘अभ्यासात असेल’ म्हणून. तोवर वहीत लिहायची सवय मोडलेली असते, म्हणजे वहीसुद्धा नाही.

तुम्ही असे जाल. मदत करायला जावंच, तिथे शिकायला मिळतं ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी करून घ्या. सगळी खाती संस्थेच्या नावानं काढलेल्या ईमेलवर असू द्या, आणि त्याचा पासवर्ड व मोबाइल क्रमांक विश्वस्तांपैकी दोघांकडे. दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला सगळा डेटा सीएसव्हीमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचा, आणि हे काम तुम्ही न करता संस्थेतल्या माणसाकडून करून घ्यायचं, तुमच्यासमोर, निदान तीनदा. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि तो कधी बदलला हे मराठीत एका कागदावर लिहून, तो कागद छापून कपाटात. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची संमती कशी घेतली तेही त्याच कागदावर, कारण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे, आणि तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समितीही तेच विचारणार आहे.

आणि डेटा मागायला जाणार असाल तर थेट फाइल मागू नका. आधी एका मोजणीला बरोबर जा. टेप कुठे धरतात ते बघा, नोंद कोण करतं ते बघा, वही अजून आहे का ते विचारा. असेल तर तिचे फोटो काढायची परवानगी घ्या.